गृहलक्ष्मी, रेशनकार्ड, पेन्शन, वॉर्डसभा : सीमाभागातल्या बायकांची कामं नेमकी कुठं अडतात?

मार्कंडेय_काठ (धागाकर्ता)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कागवाड, अथणी. या पट्ट्यात योजनांची कमी नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कन्नडात रंगवलेली यादीच हातभर असते. अर्ज फेटाळला जातो तो बहुधा पात्रतेवरून नाही, कागदावरून. त्यातही आपल्याकडं एक जादा भानगड असते, ती म्हणजे माहेर महाराष्ट्रात आणि सासर कर्नाटकात. बेंगळुरात बसून नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही बाई नसते.

इथं योजनांची जाहिरात नको, आंदोलनाची भाषणंही नकोत. कुठला कागद, कुठलं टेबल, काय चुकतं, का चुकतं, एवढंच लिहूया. सुरुवात गृहलक्ष्मीपासून करतो.

योजना ३० ऑगस्ट २०२३ ला म्हैसूरला सुरू झाली. महिन्याला २००० रुपये, रेशनकार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख म्हणून नोंदलेली असेल तिला. एका कार्डाला एकच बाई. बीपीएल, अंत्योदय, एपीएल तिन्ही कार्डं चालतात. ती किंवा तिचा नवरा आयकर किंवा जीएसटी भरणारा असेल तर नाही. खातं महिला व बालकल्याणचं, म्हणजे तालुक्यात सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) ऑफिस. खात्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर बेळगाव ग्रामीणच्याच आमदार, म्हणून आपल्याकडं हप्ता आधी येतो असा एक समज फिरतो. त्यात अर्थ नाही. हप्ता राज्य पातळीवर सुटतो आणि उशीर झाला तर सगळ्यांनाच होतो.

'पैसे आले नाहीत' ही एकच तक्रार असली तरी कारणं चार असतात आणि चारींची टेबलं वेगळी.

एक, अर्जच मंजूर नाही, कारण कार्डावर प्रमुख पुरुष आहे. हे अन्न खात्याचं काम. दोन, अर्ज मंजूर, पण आधारला जोडलेलं खातं बंद किंवा दुसरंच. हे बँकेचं काम. तीन, आयकर-जीएसटीचा शिक्का बसलाय. हे सीडीपीओकडं. चार, हप्ताच सुटलेला नाही. मग कुठंही जाऊन उपयोग नाही, गप्प थांबायचं.

मोबाइलवर 'डीबीटी कर्नाटक' ॲप घेऊन आधार क्रमांकानं आत गेलं की कुठल्या महिन्याचे पैसे कुठल्या बँकेत गेले ते दिसतं. हे बघितल्याशिवाय कुठल्याही ऑफिसची पायरी चढू नका. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज पुढं सरकत नाही, तिथंच पडून राहतो.

दूधगंगा

दुसऱ्या कारणावर थोडं जास्त लिहिते, निपाणी-चिक्कोडीकडं निम्म्या तक्रारी त्यातल्याच असतात.

बँकेत 'आधार लिंक आहे' असं सांगतात आणि बाई समाधानानं घरी येते. पण आधार खात्याला नोंदलेलं असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या मॅपरमध्ये (कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत जायचे त्याची देशपातळीवरची यादी) ते खातं चढलेलं असणं वेगळं. सरकारी पैसा खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जातो. मॅपर बघतो की या आधारपुढं सध्या कुठली बँक आहे, आणि तिथं पाठवतो. एका आधारपुढं एकच बँक, आणि जी शेवटची जोडली ती.

आता आपल्याकडं काय होतं? लग्नाआधी कागल किंवा गडहिंग्लजच्या बँकेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं मॅपरवर असतं. पासबुक माहेरी, मोबाइल नंबर भावाचा. पैसे तिथं पडत राहतात आणि इकडं बाई ग्राम वनला (गावातलं सरकारी सेवांचं केंद्र) हेलपाटे घालते. नाहीतर बचतगटाच्या कर्जासाठी दुसऱ्या बँकेत नवं खातं काढताना फॉर्मवर डीबीटीच्या (सरकारी पैसे थेट खात्यात) रकान्यात टिक केलेली असते, आणि पुढच्या महिन्यापासून पैसा तिकडं वळतो.

कसं बघायचं: माय आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. आधारला लागलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, बँकेचं नाव आणि चालू आहे की नाही ते दिसतं. बदलायचं असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथं आधार सीडिंगचा फॉर्म द्यायचा आणि तोंडानं स्पष्ट सांगायचं की मॅपरवर चढवा. फक्त केवायसी नको. चढायला काही दिवस लागतात, तोपर्यंत जुनं खातं बंद करू नका.

आणखी दोन खड्डे. खात्यात दोन वर्षं बाईनं स्वतः काही व्यवहार केला नसेल तर ते निष्क्रिय होतं. आणि अपुऱ्या कागदांवर उघडलेलं 'लहान खातं' असेल तर वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही, शिल्लक पन्नास हजारांवर जात नाही. गृहलक्ष्मी, गटाचं कर्ज, उसाचं बिल एकाच खात्यात आलं की मर्यादा भरते आणि पुढचा हप्ता परत जाऊ शकतो. पूर्ण केवायसी केली की सुटतं.

नंदगड_नाका

> आयकर-जीएसटीचा शिक्का

यात अडकणारे खरे करदाते कमीच. कुणी ट्रॅक्टरच्या नाहीतर घराच्या कर्जासाठी एजंटाकरवी शून्य रिटर्न भरलेलं असतं. कुणी किराणा दुकानासाठी जीएसटी क्रमांक घेतला, दुकान बंद केलं, क्रमांक रद्द करायचा राहिला. यंत्रणेला पॅन दिसतो आणि ती नाव बाजूला काढते.

जीएसटी बंद असेल तर आधी पोर्टलवर नोंदणी रद्द करून तो आदेश काढायचा. आयकराचं असेल तर कर भरलेला नाही हे दाखवणारी रिटर्नची पोच घ्यायची. रेशनकार्ड, दोघांचे आधार-पॅन आणि हे कागद लावून सीडीपीओकडं लेखी अर्ज, पोच घेऊन. तोंडी सांगून काही होत नाही, कारण नाव उठवायचा अधिकार तालुक्याच्या टेबलावर नसतो, त्यांना वर पाठवावं लागतं. वेळ लागतो.

तिलारी_वारा

माहेर चंदगड, आजरा किंवा दोडामार्ग आणि सासर खानापूर-बेळगाव, अशा नव्या सुनेनं कागद कुठल्या क्रमानं करावेत?

मार्कंडेय_काठ

क्रम महत्त्वाचा आहे, उलटा केला की वर्ष जातं.

पहिलं लग्नाचं प्रमाणपत्र. लग्न माहेरच्या गावात लागलं असेल तर तिथल्या ग्रामसेवकाकडं नोंद होते. विवाह निबंधक तोच. इंग्रजी मजकूर असलेली प्रत मागा. इकडच्या नाडकचेरीत (तहसीलच्या खालचं महसूल ऑफिस) मराठी वाचणारा माणूस भेटला तर नशीब.

दुसरं आधार. पत्ता सासरचा करायचा. कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून पत्ता बदलायची सोय आहे, नवरा संमती देतो आणि लग्नाचं प्रमाणपत्र नात्याचा पुरावा म्हणून लागतं. नाव बदलायचं की नाही ते मात्र आधी ठरवा, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. सासरचं आडनाव लावायची सक्ती कुठल्याही योजनेत नाही. माहेरचंच नाव ठेवून नवऱ्याचं नाव पत्त्यात घेतलं तरी काम चालतं. पुढं दहावीचं प्रमाणपत्र, बँक, पॅन सगळीकडं तेच नाव राहतं, हा फायदा वेगळाच.

तिसरं माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी करणं. तिथल्या तहसीलच्या पुरवठा विभागातून नाव कमी केल्याचा दाखला. हे टाळून इकडं नाव घालायला गेलात तर आधार दुसऱ्या राज्यातल्या कार्डावर जिवंत दिसतो आणि अर्ज अडकतो. माहेरची माणसं कधीकधी मुद्दाम नाव ठेवतात, चार किलो धान्यासाठी. त्या चार किलोपायी मुलीची पुढची सगळी कामं तटतात.

चौथं इकडच्या कार्डात नाव घालणं, ग्राम वन किंवा कर्नाटक वनमधून. दुरुस्तीची खिडकी अन्न खातं बारा महिने उघडी ठेवत नाही. उघडली की सर्व्हर दमतो. कागद तयार ठेवून थांबायचं. त्यानंतर रेशन दुकानात तिचा ठसा देऊन ई-केवायसी.

आधार आधी का, तर शक्ती योजनेच्या शून्य तिकिटालाही कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. ११ जून २०२३ पासून साध्या बसला राज्यातल्या बायकांना तिकीट नाही. राजहंस, एसी, स्लीपर त्यात नाहीत. आधारवर चंदगडचा पत्ता असेल तर कंडक्टर पूर्ण तिकीट फाडणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

कागवाड_फाटा

लाडकी बहीणबद्दल एकदा स्पष्ट लिहा. गावात एजंट फॉर्म भरून देतो म्हणून पैसे उकळतात.

नंदगड_नाका

महाराष्ट्राची लाडकी बहीण (जुलै २०२४ पासून, महिना १५००) महाराष्ट्रात राहणाऱ्या बाईसाठी आहे. बेळगावची मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला गेली तर नवऱ्याच्या कागदांवर तिला मिळू शकते. उलट चंदगडची मुलगी खानापूरला आली की तिचा हक्क संपला. माहेरच्या पत्त्याचं आधार तसंच ठेवून दोन्हीकडचे पैसे घ्यायचे बेत ऐकू येतात. आधार दोन्हीकडं तोच असतो, पकडलं जातं, आणि वसुली होते ती बाईच्या नावावर. एजंट तोवर दुसऱ्या गावात.

८६५ सीमावर्ती गावांसाठी महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, तो विषय निराळा. तो दवाखान्याच्या खर्चाचा आहे, रोख पैशाचा नाही. दोन्ही एकत्र करून गोंधळ घालू नका.

एसटीच्या अर्ध्या तिकिटाचंही असंच. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. हद्दीच्या अलीकडचं भाडं पूर्ण द्यावं लागतं.

आंबोळी

सासू वारल्या. कार्डावर प्रमुख त्याच होत्या, गृहलक्ष्मी त्यांच्या नावावर. एटीएम घरात आहे. पुढं काय?

दूधगंगा

आधी एटीएम बाजूला ठेवा. मृत्यूनंतरच्या महिन्यांचे पैसे कुटुंबाचे नसतात, नंतर वसुलीची नोटीस येते.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत. नोंद मृत्यू जिथं झाला तिथं होते, राहत्या गावात नाही. अथणी-कागवाडची माणसं मिरजेच्या आणि निपाणी-चिक्कोडीची कोल्हापूरच्या दवाखान्यात नेतात. तिथंच शेवट झाला तर दाखला सांगली-मिरज-कुपवाड किंवा कोल्हापूर महापालिकेचा. दवाखान्यात माणूस भरती करताना नाव घाईत सांगितलं जातं, 'आक्काताई' किंवा 'सुबाबाई', आणि तेच दाखल्यावर उतरतं. आधारवर वेगळंच. म्हणून भरती करतानाच आधारची झेरॉक्स द्या. दुरुस्ती नंतर त्याच महापालिकेत जाऊन करावी लागते आणि ती वेळखाऊ आहे.

दाखला मिळाला की रेशनकार्डातून नाव कमी, नवीन प्रमुख ठरवणं, मग गृहलक्ष्मीचा नवा अर्ज. जुनं खातं सुनेच्या नावावर 'ट्रान्सफर' होत नाही. अन्न सुरक्षा कायद्यात घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई प्रमुख धरलेली आहे. दोन जावा असतील तर वयानं थोरली. यावरून घराघरात वाद होतात, पण पंचायतीला किंवा अंगणवाडीताईला तो सोडवायचा अधिकार नाही. दोन चुली खरोखर वेगळ्या असतील तर कार्ड वेगळं करायचा अर्ज, तोही खिडकी उघडी असताना.

तिलारी_वारा

पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत आहे. मातृवंदनेचे पैसे यात अडकतात ना?

अंगणवाडी_अंगण

अडकतात, आणि सगळ्यांत जास्त याच्यातच, कारण मुदत आहे.

पंतप्रधान मातृवंदना: पहिल्या मुलाला ५००० रुपये, दोन हप्त्यांत. ३००० गरोदरपण नोंदवून किमान एक तपासणी झाल्यावर, २००० बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या फेरीच्या लसी झाल्यावर. दुसरी मुलगी झाली तर ६००० एकरकमी. अर्ज बाळंतपणानंतर २७० दिवसांच्या आत. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही.

सासरच्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात नाव आधी घाला. तायी कार्ड (कर्नाटकचं गरोदर बाईचं आरोग्य कार्ड) इथलं काढा. त्यावर आरसीएच (माता-बाल आरोग्य नोंदीचा) क्रमांक असतो, तो देशभर चालतो. माहेरी जाताना कार्ड घेऊन जा आणि तिथल्या आशाताईला सांगा की नवीन कार्ड काढू नका, याच क्रमांकावर नोंदी करा. बहुतेक वेळा काय होतं? माहेरी नवं महाराष्ट्राचं कार्ड निघतं, नवा क्रमांक पडतो, आणि एकाच बाईची दोन गरोदरपणं यंत्रणेत दिसतात. मग दुसरा हप्ता अडतो, कारण लसी एका क्रमांकावर आणि पहिला हप्ता दुसऱ्यावर.

जन्मनोंद जिथं बाळंतपण झालं तिथं. २१ दिवसांत मोफत, नंतर दंड, एक वर्षानंतर थेट दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जातं. दवाखाना सोडण्याआधी आईचं नाव आधारप्रमाणं लिहिलंय का बघा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना मोकळा राहू दे, नंतर घालता येतं.

पोषण आहाराचंही लक्षात ठेवा. मातृपूर्ण योजनेत गरोदर आणि बाळंतीण बाईला अंगणवाडीत गरम जेवण असतं, २०१७ पासून. नियम तिथं येऊन जेवायचा. खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांवर अंगणवाडी दोन-तीन किलोमीटरवर असते. सातव्या-आठव्या महिन्यातली बाई जेवायला तेवढं चालत येणार नाही, हे कुणालाही कळावं. यावर वॉर्डसभेत मागणी करायची ती उपअंगणवाडीची. 'जेवण घरी द्या' अशी मागणी सरळ फेटाळली जाते.

शंकेखोर

एवढी कागदं करण्यापेक्षा पंचायतीनंच बायकांचा मेळावा घेऊन सगळं एका दिवसात का करू नये?

मार्कंडेय_काठ

मेळाव्यात फोटो निघतात, कामं निघत नाहीत. एका टेबलावर बँक, एका टेबलावर अन्न खातं आणि एकावर आधारचं मशीन असेल, आणि तिन्हींना इंटरनेट असेल, तरच अर्थ. पीडीओला (ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी) ते जमवायचं असेल तर लीड बँकेला आणि तहसीलदारांना आधी पत्र द्यावं लागतं. नाहीतर हार, भाषण, उप्पीट आणि घरी.

कागवाड_फाटा

पेन्शनबद्दल. विधवा पेन्शन महिना ८००. मनस्विनी, म्हणजे ४० ते ६४ वयाच्या अविवाहित किंवा घटस्फोटित बायकांना, तीही ८००. ६५ नंतर संध्या सुरक्षा १२००. एका वेळी एकच सामाजिक सुरक्षा पेन्शन. गृहलक्ष्मी मात्र पेन्शनबरोबर चालते, लोक उगाच घाबरून अर्ज करत नाहीत.

अर्ज नाडकचेरीत. इथं अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. पेन्शनसाठी मर्यादा वर्षाला ३२ हजार. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला जास्त रकमेचा दाखला चालू असेल तर तोच संगणकावर दिसतो. दाखला पाच वर्षं चालतो, त्यामुळं जुनाच पुढं ओढला जातो. विधवा झाल्यावर कुटुंबाचं उत्पन्न बदललेलं असतं, तेव्हा ग्रामलेखापालाकडून नवी चौकशी मागायची आणि नवा दाखला घ्यायचा.

नवरा कमावता होता, वय १८ ते ५९ आणि कुटुंब बीपीएल असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत २० हजार एकदाच मिळतात. हे कुणी सांगत नाही. अर्ज तिथंच.

प्रत्येक अर्जाला जीएससी क्रमांक मागा. तो 'सकाल'चा (पेपर नव्हे, कर्नाटकचा २०११ चा सेवा हमी कायदा). मुदत उलटली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० भरपाईची तरतूद आहे. रक्कम किरकोळ, पण अपील गेलं की फाईल हलते. क्रमांक न देता अर्ज ठेवून घेतला तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा.

शंकेखोर

अर्ज मराठीत दिला तर घेतात का?

नंदगड_नाका

संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदानं गाऱ्हाणं मांडणारा अर्ज राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. नाकारणं चूक. पण काम व्हावं अशी इच्छा असेल तर वर चार ओळी कन्नडात सारांश, खाली मराठीत सविस्तर. टेबलावरच्या माणसाला विषय कळला की तो फाईल उघडतो. सेवासिंधूवरचे (कर्नाटकचं ऑनलाइन सेवा पोर्टल) ठरीव फॉर्म कन्नड-इंग्रजीत असतात, तिथं हा मुद्दा येतच नाही. तिथं नावाचं इंग्रजी स्पेलिंग सांभाळायचं. 'चव्हाण'ची तीन स्पेलिंगं घरातल्या तीन कागदांवर असतात. आधारवर जे आहे तेच सगळीकडं करा, उलटं नाही.

दूधगंगा

आता बँकेतून पुढं पैसा जातो कुठं, त्यावर. गृहलक्ष्मीचे २००० आले की मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता दारात उभा. निपाणी भागात विडी वळणाऱ्या बायकांच्या नावावर दोन-तीन कंपन्यांची कर्जं सर्रास असतात.

नियम असे: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला तारणाशिवाय दिलेलं कर्ज ते मायक्रोफायनान्स. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. हे रिझर्व्ह बँकेचं, २०२२ पासून.

कर्नाटकनं फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, पुढं कायदा झाला. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, दंड पाच लाखांपर्यंत. गावात मात्र 'सगळी कर्जं माफ झाली' असं पसरलं. तसं नाही. कर्ज बुडीत ठरतं ते परवाना-नोंदणी नसलेल्या सावकाराचं. रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेल्या कंपनीचं कर्ज फेडावंच लागतं, फक्त धमकी, घराला कुलूप, सामान उचलणं चालत नाही. या माफीच्या अफवेवर हप्ता थांबवलेल्या बायकांचा सिबिल खराब होतो आणि मग बँक गटालाही कर्ज देताना तोंड वाकडं करते.

यापेक्षा संजीवनीचा (सरकारी ग्रामीण उपजीविका अभियानाचा) बचतगट बरा. दहा ते वीस बायका, पंचसूत्री पाळायची: आठवड्याची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. तीन महिन्यांनी गटाचं मूल्यमापन होऊन फिरता निधी, सहा महिन्यांनी ओक्कूटाकडून (गटांचा संघ) समुदाय निधी आणि बँकेचं कर्ज. तीन लाखांपर्यंत व्याज सात टक्के. गट पडतो तो बहुतेक एकाच गोष्टीनं, वही एकाच बाईकडं आणि तिच्याशिवाय कुणाला हिशेब कळत नाही. बैठकीतच वही मोठ्यानं वाचायची, ठराव आणि शिल्लक सगळ्यांना सांगायची. हे केलं नाही तर दुसऱ्या वर्षी भांडण ठरलेलं.

आंबोळी

घरातल्या मारहाणीसाठी कुणाकडं जायचं? पोलिसांत गेलं की गावभर होतं.

अंगणवाडी_अंगण

सीडीपीओच तुमचे संरक्षण अधिकारी असतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. तिथं घरगुती घटनेचा अहवाल, म्हणजे डीआयआर, भरून घ्यायचा. फुकट आहे. तो अहवाल संरक्षण अधिकारी मॅजिस्ट्रेटकडं पाठवतात. कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं लिहिलंय. प्रत्यक्षात लांबतं, पण राहत्या घरात राहण्याचा हुकूम आणि पोटगीचा अंतरिम हुकूम लवकर मागता येतो. अर्जात तो वेगळा मागायला लागतो, आपोआप मिळत नाही. एफआयआर आधी असलाच पाहिजे असं नाही. रात्रीबेरात्री १८१ किंवा ११२. माहेरी महाराष्ट्रात आलेली बाई तात्पुरती राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करू शकते, सासरच्या तालुक्यातच जायला हवं असं नाही.

मार्कंडेय_काठ

आता पंचायतीवर, कारण वरचं सगळं राज्याचं आणि केंद्राचं झालं.

कर्नाटकात ग्रामपंचायतीत बायकांना २०१० च्या दुरुस्तीनं ५० टक्के जागा. अध्यक्षपदाची मुदत ३० महिने, तिथंही आरक्षण फिरतं. सामाजिक न्याय समितीत किमान एक बाई असावीच लागते. हे सगळं कागदावर भक्कम आहे. पण बैठकीत अध्यक्षांच्या शेजारी त्यांचे 'साहेब' बसतात आणि बोलतात तेच. कायद्यानं त्यांना तिथं खुर्ची नाही. इतिवृत्तात कुणी काय मांडलं ते सदस्यांच्या नावानं लिहायला लावा, आपोआप बदल होतो.

मागणी घालायची जागा वॉर्डसभा. वॉर्डसभेचं कोरम वॉर्डातल्या मतदारांच्या दहाव्या हिश्श्याइतकं किंवा २०, यातलं कमी असेल ते. ग्रामसभेला तोच दहावा हिस्सा किंवा १००, यातलं कमी असेल ते. हजर माणसांत ३० टक्के बायका हव्यात. कोरम नसताना पुस्तक घरोघर फिरवून सह्या गोळा करतात. अशा पुस्तकावर सही करू नका, नंतर तुमच्याच सहीनं गटार दुसऱ्या गल्लीत जातं.

'बायकांसाठी सोय करा' अशी मागणी रजिस्टरात चढते आणि तिथंच राहते. लिहायचं कसं? स्वच्छतागृह हवं असेल तर जागा कुठली, ती पंचायतीच्या नावावर आहे का (नमुना ९ आणि ११), पाण्याची लाइन किती फुटांवर, सांडपाणी कुठं जाणार, किल्ली कुणाकडं, झाडायचा पगार कुठल्या लेखाशीर्षातून. शेवटचे दोन मुद्दे नसले की इमारत होते आणि वर्षात कुलूप लागतं. पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, म्हणजे स्वच्छतागृहाला पैसा नव्हता असं म्हणायला जागाच नव्हती. जागेचा उतारा नव्हता हे खरं कारण.

दिव्याचं सोपं. खांबाचा हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) क्रमांक लिहा. 'देवळाजवळचा दिवा' असं लिहिलं तर गावात देवळं चार.

शंकेखोर

आमच्या पंचायतीत कूसिना मने (लहान मुलांचं पाळणाघर) उघडलं आणि बंद पडलं. कारण?

अंगणवाडी_अंगण

रचना अशी होती की नरेगाच्या कामावर जाणाऱ्या आयांची लहान मुलं तिथं, आणि सांभाळणाऱ्या बायका जॉबकार्डवाल्यांतूनच, मजुरी नरेगातून. एका बाईच्या घराचे नरेगाचे शंभर दिवस संपले की ती थांबायची. पुढची प्रशिक्षित बाई तयार नसेल तर दार बंद. म्हणून आठ-दहा जणींना आधीच प्रशिक्षण देऊन पाळी लावायची असते, आणि आपल्याकडं दोघींवर भागवलं जातं.

दुसरं कारण वेळ. ऊस, तंबाखू, भात, कुठल्याही कामाला बाई सकाळी आठला घर सोडते. केंद्र दहाला उघडलं तर मूल सोडायचं कुणाकडं? उघडायची वेळ वॉर्डसभेत ठरवून घ्या. जागा अंगणवाडीच्या जवळ असली तर भात आणि दूध तिथून सोयीनं येतं. समाजमंदिरात टाकलं तर लग्नसराईत मुलं बाहेर.

कागवाड_फाटा

वॉर्डसभेची तारीख कळतच नाही, झाल्यावर कळते. यावर काय?

नंदगड_नाका

पीडीओंना दहा रुपयांचा आरटीआय: मागच्या दोन वर्षांच्या वॉर्डसभांच्या नोटिसा, दवंडी दिल्याची नोंद, हजेरी पुस्तक आणि इतिवृत्ताच्या प्रती. अर्जात प्रश्न विचारू नका, कागद मागा. 'का घेतली नाही' असं विचारलं तर ते माहितीत बसत नाही म्हणून परत येतं. प्रती हातात आल्या की तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांना एक अर्ज: पुढच्या सभेची नोटीस पंचायत, अंगणवाडी, रेशन दुकान आणि दूध डेअरी अशा चार ठिकाणी कन्नड आणि मराठीत लावा. डेअरी लिहायला विसरू नका, बायका रोज दोन वेळा तिथंच असतात.